चहाच्या आधीचा लिप्टन

लिप्टन हे नाव मराठी घरांत पोहोचले ते चहाच्या डब्यावरून. नाव आणि चहा यांचे नाते इतके घट्ट झाले की, सर टॉमस लिप्टन यांनी चहाच्या व्यापारात पाऊल टाकले तेव्हा ते चाळिशीला पोहोचले होते आणि त्याआधीच ब्रिटनमधील एक बडे किराणा दुकानदार म्हणून गाजत होते, याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही. ज्या दुकानांनी त्यांना लक्षाधीश केले, त्यांच्या पाट्याही आता रस्त्यांवरून नाहीशा झाल्या आहेत.

बटाट्याच्या रोगाने आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. त्यांपैकीच एक कुटुंब ग्लासगोच्या गोर्बल्स या गर्दीच्या, दरिद्री वस्तीत येऊन स्थिरावले. तेथे १८४८ मध्ये टॉमस यांचा जन्म झाला. पुढे ते स्वतः १८५० हे साल सांगत. आपल्या चरित्रात रंग भरण्याची त्यांना हौस होती, त्यामुळे त्यांनी सांगितलेल्या हकिकती थोड्या जपूनच घ्याव्या लागतात. आईवडिलांचे लोणी, अंडी व खारवलेले मांस विकणारे लहानसे दुकान होते. पोराने लवकरच शाळा सोडली, किरकोळ नोकऱ्या केल्या आणि किशोरवयातच अमेरिका गाठली. तंबाखूच्या व भाताच्या मळ्यांवर राबल्यानंतर न्यू यॉर्कमधील एका मोठ्या दुकानाच्या किराणा विभागात त्यांना काम मिळाले. मालाची आकर्षक मांडणी, गिऱ्हाइकाशी अदबीची वागणूक आणि जाहिरातीवर सढळ खर्च ही त्या दुकानातली त्रिसूत्री घेऊन ते मायदेशी परतले.

१८७१ मध्ये ग्लासगोच्या स्टॉबक्रॉस स्ट्रीटवर लिप्टन यांचे पहिले दुकान उघडले. तो काळ त्यांना अनुकूल होता, हे मान्य केले पाहिजे. क्लाइड नदीकाठी जहाजबांधणीचे कारखाने जोरात होते, मजुरांच्या हाती आठवड्याला रोख पगार पडत होता, आणि आगगाडी व आगबोटी यांच्यामुळे दूरदेशीचे धान्य व लोणी स्वस्तात येऊ लागले होते. परंतु ही संधी शहरातील प्रत्येक वाण्यापुढे होती. जुना वाणी उधारीवर माल देई, बुडीत उधारीची भरपाई भावात करून घेई आणि आपला माल अडत्यांकडून उचली. लिप्टन यांनी उधारी बंद केली, अडत्यांना बाजूला सारले आणि थेट आयर्लंडच्या बाजारात जाऊन शेतकऱ्यांकडून लोणी व अंडी खरेदी केली. नफा थोडा, पण उलाढाल मोठी. एका दुकानाची दहा आणि दहांची शंभर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या दुकानांची संख्या शेकड्यांत मोजली जात होती.

जाहिरातीच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गलेलठ्ठ डुकरांची मिरवणूक भर रस्त्यातून दुकानाकडे निघे. दाराशी वेडेवाकडे आरसे लावलेले असत. आत जाणाऱ्याला आपण काटकुळे दिसावे, तर बाहेर पडणाऱ्याला गुबगुबीत! बँकेच्या नोटांसारखी दिसणारी पत्रके त्यांनी वाटली, तेव्हा काही जणांनी ती खऱ्या नोटा म्हणून खपवण्याचा प्रयत्न केला. १८८१ च्या नाताळात अमेरिकेहून एक प्रचंड चीज आले. त्याच्या पोटात सोन्याची नाणी दडवलेली होती. ते विकत घ्यायला उसळलेली गर्दी आवरण्यास पोलीस लागले. ज्याला आज आपण प्रसिद्धितंत्र म्हणतो, त्याचे बहुतेक धडे या माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच गिरवले होते.

चहा आला तो यानंतर. सिलोनमधील कॉफीचे मळे तांबेऱ्याच्या रोगाने उद्ध्वस्त झाले होते आणि जमिनी मातीमोलाने विकल्या जात होत्या. १८९० मध्ये लिप्टन यांनी हपुतळेजवळचा दंबतेन्न व इतर मळे घेतले. मधले दलाल टाळण्याचे लोण्याचे तंत्रच त्यांनी चहाला लावले. तीन शिलिंगांच्या आसपास मिळणारा पौंडभर चहा ते एक शिलिंग सात पेन्सला विकू लागले. सुटा, भेसळीची शंका असलेला चहा मागे पडला आणि वजनाची खात्री असलेली बंद पुडी आली. श्रीमंतांचे पेय मजुराच्या घरात शिरले, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण या स्वस्ताईला दुसरी बाजूही होती. दक्षिण भारतातून नेलेले तमिळ मजूर त्या डोंगरउतारांवर तुटपुंज्या मजुरीवर पाने खुडत होते, मळ्यावरील चाळवजा खोल्यांत राहत होते. ग्लासगोच्या मजुराचा पेला ज्यांनी भरला, त्यांची नावे कोणत्याही डब्यावर आली नाहीत.

१८९८ मध्ये लिप्टन यांच्या धंद्याचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. भांडवल २५ लाख पौंडांचे. भागांसाठी लोकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आदल्या वर्षी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवात गरिबांच्या जेवणासाठी त्यांनी २५ हजार पौंड दिले होते, हा योगायोग खासच नव्हे. पुढे शर्यतीच्या गलबतांचा नाद लागला. १८९९ ते १९३० या काळात ‘शॅमरॉक’ नावाची पाच गलबते घेऊन ते पाच वेळा अमेरिकेस गेले आणि पाचही वेळा हरले. राजे एडवर्ड यांच्याशी स्नेह असूनही इंग्लंडमधील सर्वांत प्रतिष्ठित नौकामंडळाने या वाण्याला सभासदत्व दिले ते १९३१ मध्ये, आयुष्य संपत आले तेव्हा.

धंद्याकडे मात्र दुर्लक्ष होत गेले. लष्कराच्या उपाहारगृहांची कंत्राटे मिळविण्यासाठी कंपनीच्या काही अधिकाऱ्यांनी लाच दिल्याचे प्रकरण १९१४ मध्ये न्यायालयात गेले व कंपनीची अब्रू गेली. महायुद्धानंतर नफा घटला, भागधारक कुरकुरू लागले आणि १९२७ मध्ये लिप्टन यांना आपली सूत्रे सोडावी लागली. ज्याने सगळा कारभार एकहाती चालवला, त्याने कारभारी तयार केले नाहीत, हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागतो. २ ऑक्टोबर १९३१ रोजी ते निवर्तले. लग्न त्यांनी केलेच नव्हते. संपत्तीचा मोठा भाग ग्लासगोच्या गरिबांसाठी ठेवून ते त्याच शहरात आईवडिलांशेजारी विसावले.

दुकाने पुढे एका समूहाकडून दुसऱ्याकडे गेली. स्वतः उचलून घ्यायच्या मालाची प्रशस्त दालने आली, तशी फळीमागे उभा राहून लोणी कापून देणारा विक्रेता नाहीसा झाला. १९७२ मध्ये मालक बदलले, १९८२ मध्ये पुन्हा बदलले, आणि त्या दशकात लिप्टन ही पाटी ब्रिटनच्या बाजारपेठांतून पुसली गेली. भारतात लिप्टन कंपनी १९९३ मध्ये ब्रुक बाँडशी एकत्र झाली आणि १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. दंबतेन्नचा कारखाना मात्र हपुतळेच्या डोंगरावर अजून उभा आहे, आणि ज्या टेकडीवर बसून धनी आपले मळे न्याहाळीत, ती टेकडी लोक आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.