खराटा आणि सावड : गाडगेबाबांचे जीवन

(बी. ए. भाग २)

आमच्या वलगावजवळ पेढी नदीवर पूल आहे. नदी तशी लहानच. उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा गोटेच जास्त दिसतात. पण या पुलाने एक मरण पाहिले आहे. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री एका वृद्ध, आजारी माणसाला मोटारीतून अमरावतीकडे नेत होते. अमरावती अगदी हाताशी आली होती, पण वाटेत पेढीच्या पुलावरच त्या वृद्धाचा श्वास थांबला. त्याच्या नावावर ना घर होते, ना शेत. अंगावर चिंध्या होत्या. आणि तरीही दुसऱ्या दिवशी ही बातमी ज्या ज्या गावी पोहोचली, तिथे लोक घरातले माणूस गेल्यासारखे रडले. संत गाडगेबाबा ते हेच. आज वलगावला त्यांची निर्वाणभूमी आहे, अमरावतीला गाडगेनगरात समाधी आहे आणि आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याचे नाव आपल्या पदवीपत्रावर छापले जाणार! माझ्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारा मी पहिलाच, म्हणून मला या गोष्टीचे जरा जास्त अप्रूप वाटते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घरची थोडीफार शेती होती, परंतु वडिलांना दारूचे व्यसन लागले. शेती गेली, शरीर गेले आणि शेवटी झिंगराजीही गेले. त्या वेळी डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी आपल्या माहेरी आल्या. पुढे बाबा कीर्तनात दारूवर इतके तुटून पडत, त्याचे मूळ कोणत्याही ग्रंथात शोधावे लागत नाही. ते शेंडगावच्या त्या घरात आहे.

दापुऱ्याला आजा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी वाढला. गुरे राखणे हे त्याचे पहिले काम. हा सगळा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी मचूळ, जमीन काळीभोर आणि चिकट. अशा रानात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हे पोर गुरांमागे असे. परंतु हे दिवस त्याच्यासाठी दुःखाचे नव्हते, असे चरित्रे वाचताना मला सारखे जाणवले. गुरांवर त्याचा जीव होता. गोठा झाडून लख्ख ठेवण्यात त्याला आनंद वाटे. नदीला पूर आला की उडी घेऊन पोहण्याची हौस होती. आणि सोबतच्या गुराख्यांना गोळा करून भजन करण्याचा नाद होता. त्या भजनात कोण कोणत्या जातीचा, हे तो पाहत नसे. आपण ज्याला आज छंद म्हणतो, तो श्रीमंतांच्या पोरांपुरताच असतो असे आपल्याला उगीच वाटते. डेबूजीचे छंद सगळे उघड्या रानातले होते. त्यांना पैसा लागत नव्हता, सोबती मात्र लागत होते. पुढच्या पन्नास वर्षांतले सगळे काम या दोन गोष्टींतूनच उभे राहिले, उघड्यावर राबणे आणि सोबती जमवणे.

वयाने वाढल्यावर डेबूजी पट्टीचा शेतकरी झाला. पेरणी, डवरणी, कापणी, कशातही तो मागे नव्हता. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. त्याच सुमारास मामाच्या जमिनीवर सावकाराचा डोळा पडला. चंद्रभानजींना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठे उठत गेले, आणि कर्ज फिटले असे समजणाऱ्या मामाच्या हातून एके दिवशी सगळी जमीन निघून गेली. या धक्क्याने मामा खचला आणि त्यातच त्याचा अंत झाला. सावकार माणसे घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजी एकटा त्यांच्यापुढे उभा राहिला. तो मागे हटला नाही. वऱ्हाडात कापसाच्या पैशाबरोबर सावकारीही घरोघर शिरली, तो हा काळ. असे अंगठे गावोगाव उठत होते. डेबूजीने मात्र त्यातून जन्मभराचा धडा घेतला. भाकरी हातावर घेऊन खावी लागली तरी चालेल, पण पोर शाळेत गेलेच पाहिजे, हे ते पुढे प्रत्येक कीर्तनात सांगत. माझ्या आजोबांच्याही कागदांवर अंगठेच आहेत. एवढेच लिहितो.

मुलीच्या बारशाला डेबूजीने पहिले बंड केले. अशा प्रसंगी भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची रीत होती, आणि त्यासाठी माणसे कर्जबाजारी होत. डेबूजीने गोड जेवण वाढले. भाऊबंद चिडले, पण डेबूजी ऐकणारा नव्हता. बाहेरच्या जगाला उपदेश करणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या पंगतीत, स्वतःच्या नातलगांच्या तोंडावर नकार देणे फार अवघड असते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. घरात आई, बायको, मुले होती. या ठिकाणी माझे मन थोडे अडखळते, हे कबूल केले पाहिजे. कुंताबाईंनी त्यानंतर कसे दिवस काढले याचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. बाबांनी लाखो रुपयांच्या इमारती उभ्या केल्या, पण कुटुंबाला त्यांतल्या एकाही खोलीचा हक्क दिला नाही. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. बाबांच्या निःस्पृहतेचे कौतुक करताना त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली, हे विसरू नये असे मला वाटते.

पुढची बारा वर्षे भटकंतीत गेली. अंगावर रंगीबेरंगी चिंध्यांची गोधडी, हातात खराटा, आणि एक मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात खायचे, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर घालायचे. लोकांनी नावेही तशीच दिली : कुठे गोधडे महाराज, कुठे चिंधेबाबा, कुठे लोटके महाराज. वऱ्हाडात मात्र गाडगेबाबा हेच नाव रुजले. त्यांची रीत ठरलेली होती. गावात शिरायचे ते थेट रस्ता झाडायला लागायचे. कोणी वेडा समजून हसे, कोणी हाकलून देई. दिवसभर गाव झाडून झाले की संध्याकाळी कीर्तन. सकाळी ज्याला वेडा म्हटले, त्याच्यापुढे संध्याकाळी सारे गाव बसलेले असे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत, अगदी साधे, आपल्या वऱ्हाडी बोलीत. देव कुठे राहतो, बकरे कापल्याने तो प्रसन्न होतो काय, कर्ज काढून लग्न करणारा शहाणा की वेडा. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचे. आपल्या वर्गांत ही पद्धत थोडी वापरली गेली तर मागच्या बाकांवर कोणी पेंगणार नाही! (प्राध्यापकांनी क्षमा करावी.)

आता ऋणमोचनची गोष्ट, कारण माझ्या मते बाबांचे खरे चरित्र तिथे सुरू होते. भातकुली तालुक्यातल्या पूर्णाकाठच्या या गावी पौष महिन्यात मोठी यात्रा भरते. नदीचा काठ काळ्या चिकट मातीचा. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसे, बायका, लेकरे तिथे घसरून पडत. हे वर्षानुवर्षे चालले होते. बाबांनी सभा भरवली नाही की अर्ज केला नाही. त्यांनी टोपले उचलले आणि उतार नीट करायला सुरुवात केली. एकट्याने. थोड्या वेळाने पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी हात लावला, मग दुसऱ्याने, मग दहांनी. त्यातूनच पुढे १९०८ साली पूर्णेवर पक्का घाट बांधला गेला. ऋणमोचनला लक्ष्मीनारायणाचे मंदिर झाले, आंधळ्यापांगळ्यांसाठी सदावर्त झाले.

हे वाचताना मला आमच्या घराची भिंत आठवली. मागच्या पावसाळ्यात आमची मागची मातीची भिंत बसली. वडिलांजवळ गवंड्याला द्यायला पैसे नव्हते. त्यांचे चार मित्र आले. दोघांनी माती मळली, एकाने जुन्या विटा साफ केल्या, एकाने टिनपत्रे सरळ केली. मी पाणी आणीत होतो. पाचव्या दिवशी भिंत उभी! मजुरी कोणी मागितली नाही. मायने रोज सगळ्यांना ज्वारीची भाकर आणि झुणका वाढला. आमच्याकडे याला सावड म्हणतात. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. त्या चौघांपैकी दोघांच्या शेतात वडील यंदा सोंगणीला जाऊन आले. बाबांनी याहून वेगळे काय केले? त्यांनी सावड गावाबाहेर नेली. ज्याची परतफेड करायला कोणी येणार नाही, अशा अनोळखी यात्रेकरूसाठी शेकडो हात राबवले.

पंढरपूर हे त्याचे मोठे उदाहरण. आषाढीला लाखो वारकरी जमत. ज्यांना उतरायला जागा नाही ते चंद्रभागेच्या वाळवंटात पावसात भिजत पडत, आणि मग पटकीची साथ पसरे. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना तर कोणी दारातही उभे करीत नसे. बाबांनी पंढरपुरात मराठा धर्मशाळा बांधली आणि चोखामेळा धर्मशाळाही बांधली. विशेष म्हणजे ते स्वतः विठ्ठलाच्या देवळात जात नसत. वारीच्या दिवसांत ते वाळवंट झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. पुढे १९४९ साली चोखामेळा धर्मशाळेची ही इमारत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर, मूर्तिजापूर, अशा कितीतरी ठिकाणी धर्मशाळा उठल्या. मूर्तिजापूरला गोरक्षणही झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गावाकडून आलेल्या रोग्यांचे नातलग फुटपाथवर झोपत. त्यांच्यासाठी तिथे धर्मशाळा उभी राहिली. कारभार पंचांकडे आणि विश्वस्तांकडे. इमारत पुरी झाली की बाबा खराटा उचलून पुढच्या गावाला जात. मालकी हा शब्दच त्यांच्या कोशात नव्हता.

१९२३ साली कोकणात कीर्तन चालू असताना त्यांचा तरुण मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. कुत्रा चावल्याचे निमित्त झाले होते. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग आपण नेहमी वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात एक बापही दिसतो, ज्याला कदाचित उभे राहून बोलत राहण्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

त्यांना मित्रही कसे लाभले! प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र लिहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज काढले, त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. आपल्या मोझरीचे तुकडोजी महाराज त्यांना वडीलधाऱ्यासारखे मानीत. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि सगळ्या संस्थांची व्यवस्था लागली. पुढे १९७७ साली 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला, त्यात डॉ. श्रीराम लागूंनी बाबांची भूमिका केली. २००० साली शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हापासून गावोगावच्या भिंतींवर बाबा खराट्यासह रंगवलेले दिसतात.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबांचे शरीर आधीच थकलेले होते. त्या बातमीने ते आणखी खचले, असे सांगतात. नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले होते, तेच शेवटचे मोठे कीर्तन ठरले. बाबासाहेबांनंतर चौदा दिवसांनी पेढीचा पूल आला.

आता माझी एक गोष्ट सांगून थांबतो. माझी माय एका शाळेचे आवार झाडते. मागच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पहिल्या दिवशी गाव झाडायचे होते. खराटे वाटले गेले तेव्हा मी मुद्दाम पाणी भरणाऱ्यांच्या गटात गेलो. वर्गमित्रांना माझ्या घरचे माहीत नव्हते, आणि खराटा माझ्या हातात सराईतपणे चालला तर कोणी काही ओळखेल, अशी भीती वाटली. तीन दिवस मी पाणीच भरले. चौथ्या दिवशी शिबिरप्रमुखांनी कीर्तनाच्या पारासमोरची जागा दाखवली आणि माझ्या हातात खराटा दिला. मी झाडू लागलो. शेजारच्या मित्राला नीट जमत नव्हते. तो खराटा उभा धरून नुसती धूळ उडवीत होता. मी त्याला खराटा तिरपा धरून, वाऱ्याकडे पाठ करून, केर पुढे पुढे कसा न्यायचा ते दाखवले. हे कुठे शिकलास, असे त्याने विचारले.

मायजवळ शिकलो, असे मी सांगितले.