डॉ. सीमोर स्यूएल (१८८०–१९६४)

परभणीहून समुद्र दूर. तरीही कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जलचरांचे अभ्यासक डॉ. रॉबर्ट सीमोर स्यूएल आम्हांस परके वाटत नाहीत. विहिरी-बारवांच्या पाण्यातून पूर्वी नारू पसरविणारा सायक्लॉप्स याच गटातला.

पेशाने डॉक्टर असलेले स्यूएल १९१० पासून ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ होते. मिलिमीटरभर जिवाची जात ठरवायची ती बहुधा त्याच्या पाचव्या पायजोडीवरून, सूक्ष्मदर्शकाखाली. त्यातच प्रौढ होईपर्यंत तो अकरा अवस्थांतून जातो; पिल्लालाच नवी जात समजण्याचा मोह मोठा! स्यूएल यांनी म्हणून वाढीची मापेही घेतली. १९२५ ते १९३३ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद सांभाळतानाच त्यांचे भारतीय समुद्रांतील कोपेपॉडांवरील ग्रंथ निघाले. पुढे इजिप्तच्या ‘मबाहिस’ जहाजावरून त्यांनी अरबी समुद्राच्या मोहिमेचे नेतृत्व केले.