ताटात दडलेले औषध

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मुंबईत परळला कधी गेला आहात का? तेथे के. ई. एम. रुग्णालयापासून जवळच, आचार्य दोंदे मार्गावर, एक जुनी भव्य इमारत आहे. एके काळी मुंबईचे गव्हर्नर त्या इमारतीत राहत असत. 1899 साली तेथे प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. प्लेगवर लस शोधणारे डॉ. हाफकिन यांचे नाव पुढे त्या संस्थेला देण्यात आले. हीच हाफकिन संस्था. या संस्थेत काम करणाऱ्या एका बाईंची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव डॉ. लूसी विल्स. आज दवाखान्यात गरोदर स्त्रीला लोहाबरोबर फॉलिक ॲसिडची गोळी देतात. त्या गोळीची कहाणी परळच्या या इमारतीपाशी येऊन पोहोचते.

लूसी विल्स यांचा जन्म 10 मे 1888 रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅम शहराजवळ झाला. त्यांच्या घरी सर्वांना विज्ञानाची आवड होती. त्या काळी मुलींना विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या शाळा फार थोड्या होत्या. लूसी यांना तशा एका शाळेत शिकायला मिळाले. पुढे त्या केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. 1911 साली त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. स्त्रियांना ही पदवी 1948 सालापासून मिळू लागली.

पदवी नाही म्हणून लूसी खचल्या नाहीत. 1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे त्यांनी काही काळ रुग्णांची सेवा केली. आपणही डॉक्टर व्हावे, असे त्यांनी ठरवले. लंडनमध्ये स्त्रियांसाठी एक वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे शिकून 1920 साली त्या डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटून पैसा मिळवावा, असे त्यांना वाटले नाही. रोग का होतो, हे शोधण्याची त्यांना अधिक ओढ होती. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेतले काम पत्करले.

आता आपण मुंबईकडे येऊ. 1928 सालची मुंबई डोळ्यांसमोर आणा. परळ आणि लालबाग हा सारा भाग कापडगिरण्यांचा होता. भोंगा वाजला की हजारो कामगार गिरणीकडे निघत. त्यांत स्त्रियाही असत. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. अशा गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांना गरोदरपणात एक विचित्र आजार होई. त्यांचा चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, पायांवर सूज येई. अंगातले रक्त कमी होत होत अखेर कितीतरी स्त्रिया मरण पावत. या आजाराला रक्तक्षय म्हणतात. रक्तक्षय नेहमीचा असेल तर तो लोहाच्या औषधाने बरा होतो. पण या स्त्रियांना लोह देऊनही गुण येत नसे. त्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत.

भारतात अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर या वेळी बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी करत होत्या. त्यांनी लूसी विल्स यांना मुंबईला बोलावले. घरदार सोडून दूर जायचे, हवा वेगळी, भाषा वेगळी. तरीही लूसी आल्या आणि हाफकिन संस्थेत कामाला लागल्या.

त्यांनी काम कसे सुरू केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी एकामागून एक औषधे देऊन पाहिली नाहीत. आधी त्यांनी रोगाचे कारण शोधायचे ठरवले. हा आजार जंतूंमुळे होतो का, हे त्यांनी तपासले. तसे काही आढळले नाही. मग या स्त्रिया राहतात कोठे आणि खातात काय, याची त्यांनी पाहणी केली. एस. एन. तळपदे यांनी या पाहणीत त्यांना साथ दिली. पाहणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. खात्यापित्या घरच्या स्त्रियांना हा आजार क्वचितच होत होता. गरीब मुस्लिम स्त्रियांना तो सर्वांत जास्त होत होता, कारण त्यांचेच जेवण सर्वांत निकस होते. त्यांच्या ताटात ना पुरेशी भाजी, ना फळे, ना दूध. दोष त्यांच्या धर्माचा नव्हता आणि नशिबाचाही नव्हता. दोष होता गरिबीचा आणि अपुऱ्या अन्नाचा.

आता हे प्रयोगाने सिद्ध करायचे होते. लूसी यांनी उंदरांना तसाच निकस आहार दिला. उंदरांच्या अंगातले रक्त कमी झाले. आहारात यीस्ट मिसळले, तेव्हा ते कमी झाले नाही. यीस्ट म्हणजे पाव आणि नान फुगवणारे खमीर. वाटले, उत्तर सापडले! पण पुढे कळले, की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना एक वेगळाच संसर्ग झाला होता. त्यामुळे या प्रयोगावर विसंबता येईना. एवढ्या मेहनतीवर पाणी पडले, तर कोणीही निराश होईल. लूसी थांबल्या नाहीत. एच. एस. बिलिमोरिया यांच्याबरोबर त्यांनी माकडांवर प्रयोग केले. मुंबईतल्या गरीब स्त्रिया जे खात, त्यासारखाच आहार माकडांना दिला. माकडांनाही तोच रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर ती बरी झाली.

या काळात लूसी यांनी आजारी स्त्रियांना यीस्टचा अर्क द्यायला सुरुवात केली होती. मार्माइट नावाचा हा काळपट, खारट अर्क बरणीत मिळे. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खात. तो स्वस्तही होता. त्या वेळी काही प्रकारच्या रक्तक्षयावर कलेजीचा अर्क देत, पण तो महाग होता. गरिबाने तो आणायचा कोठून? मार्माइट सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत स्त्रियांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. त्यांना भूक लागू लागली, चेहऱ्यावर तजेला आला. 1931 साली लूसी यांनी हा शोध प्रसिद्ध केला. यीस्टमध्ये कोणता पदार्थ आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. म्हणून त्या अज्ञात पदार्थाला पुढे लूसी विल्स यांचेच नाव पडले.

1937 साली त्या पुन्हा भारतात आल्या. या वेळी त्यांना आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. कलेजीचा शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका रक्तक्षयावर चांगला चाले, पण मुंबईच्या या स्त्रियांना त्याचा उपयोग होत नसे. साधा, न गाळलेला अर्क मात्र उपयोगी पडे. म्हणजे दोन्ही आजार दिसायला सारखे, पण शरीरात उणीव वेगवेगळ्या पदार्थांची. तो दुसरा पदार्थ म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. ते 1948 साली हाती लागले. त्या दुसऱ्या आजारात अन्नात बी-12 असूनही जठर ते शोषून घ्यायला मदत करू शकत नाही. पाहिलेत ना? नुसते खाऊन भागत नाही, खाल्लेले अंगीही लागावे लागते.

मुंबईतल्या यीस्टमधला तो पदार्थ कोणता, हे कोडेही सुटले. 1941 साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकातून एक जीवनसत्त्व वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले. 1945 साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. ते तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांचे प्रमुख होते आपल्या देशातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. 1991 साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. गरोदर राहण्यापूर्वीपासून स्त्रीने हे जीवनसत्त्व घेतले, तर बाळाच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात जन्मतः राहणारे बरेचसे दोष टळतात.

हे पाहायला लूसी विल्स हयात नव्हत्या. 1947 साली त्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी अशा दूरच्या देशांत जाऊन त्यांनी आहाराचा अभ्यास केला. त्यांना डोंगर चढण्याची आणि सायकल चालवण्याची आवड होती. उतारवयात लंडनमधील चेल्सी भागातून त्या नगरसेविका झाल्या. 16 एप्रिल 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आज औषधांच्या दुकानात जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या रंगीबेरंगी बाटल्या दिसतात. कोणती गोळी चांगली? जी महाग ती का? लूसी विल्स यांच्या कामातून याचे उत्तर मिळते. शरीरात जे कमी आहे आणि शरीर जे शोषून घेऊ शकते, तेच चांगले. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, मग गोळी घ्यावी. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती फुकट मिळते, म्हणून तिला कमी समजू नका. ती जेवणानंतर घ्यावी. तिच्याबरोबर चहा पिऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबू, आवळा किंवा पेरू खाल्ला तर ते चांगले शोषले जाते. मेथी-पालक चिरण्यापूर्वी धुवावा आणि फार वेळ शिजवू नये. फार शिजवल्याने फॉलिक ॲसिड नाहीसे होते. डाळी आणि हरभरेही रोजच्या जेवणात असावेत.

आज घरी गेल्यावर आपल्या आईच्या, अम्मीच्या ताटाकडे एकदा पाहा. सर्वांना वाढून झाल्यावर त्या ताटात काय उरते? भाजी उरते की नुसती रोटी? सुमारे शंभर वर्षांपूर्वी परळच्या प्रयोगशाळेत लूसी विल्स यांनी हाच प्रश्न विचारला होता.

स्वाध्याय

1. लूसी विल्स यांना केंब्रिजची पदवी का मिळाली नाही?
2. मुंबईतल्या स्त्रियांच्या आजाराचे कारण लूसी यांनी कसे शोधले?
3. उंदरांवरच्या प्रयोगावर विसंबता का आले नाही?
4. वाक्यात उपयोग करा : मेहनतीवर पाणी पडणे, अंगी लागणे, कामाला लागणे.
5. तुमच्या घरात आठवड्यातून किती वेळा पालेभाजी होते, याची नोंद करा आणि वर्गात सांगा.