वय झाल्याची सबब

आपल्या समाजांत एक सबब अशी आहे कीं, ती पुढें करणारास कोणी दोष देत नाहीं व ऐकणारासही ती खरीच वाटते. ती सबब वय झाल्याची होय. तिशी उलटलेली गृहिणी आतां शिकून काय करावयाचें असें म्हणते. चाळिशीचा गृहस्थ अंगवळणी पडलेली रीत आतां सुटणें नाहीं असें सांगतो. आणि साठी गांठलेला मनुष्य तर जें व्हावयाचें तें होऊन गेलें, अशा समजुतीनें ओसरीवर बसून राहतो. वयपरत्वें देहाची शक्ति कमी होते हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु आयुष्याची दिशा बदलण्याच्या आड खरोखर देहच येतो, कीं दुसरें कांहीं येतें, याचा विचार करावयाचा असल्यास महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राकडे पुन्हां एकदां पाहिलें पाहिजे.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत झाला व बालपण मुरूड गांवीं गेलें. त्यांच्या पूर्ववयांत पुढील मोठेपणाचीं चिन्हें शोधूं जाणाराची निराशाच होईल. घरची गरिबी व स्वभाव कमालीचा लाजाळू. सरकारी नोकरीस लागणाऱ्या परीक्षेसाठीं शंभराहून अधिक मैलांची घाटवाट पायीं तुडवून ते साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतात एवढ्याच कारणावरून त्यांस परत फिरावें लागलें. मॅट्रिक होतांना त्यांस २३ वें वर्ष उलटलेलें होतें. १८८४ सालीं ते पदवीधर झाले व १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. त्याच सालीं त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या.

त्या काळीं तेहतीस वर्षांच्या विधुर अध्यापकानें काय करावें हें ठरलेलें होतें. दहाबारा वर्षांची कुमारिका पाहून लग्न करावें, कीं संसार पुन्हां मार्गीं लागला. कर्व्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनीं त्यांजवर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गांवीं राहणाऱ्या त्यांच्या आप्तांसही लागली. वादविवादांत पुनर्विवाहाचा पक्ष घेणारे पुष्कळ होते. आपल्या घरापासून आरंभ करणारे थोडे होते.

एवढ्यावर थांबते तरी इतिहासांत त्यांचें नांव राहिलें असतें. परंतु सर्व विधवांस पुनर्विवाह साधणार नाहीं, त्यांस विद्या व स्वावलंबन हवें, हें त्यांच्या ध्यानीं आलें. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली. १९०० सालीं आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. दिवसभर कॉलेजांत गणित शिकवून संध्याकाळीं चिखल तुडवीत हिंगण्यास चालत जावें, हा त्यांचा क्रम झाला. आपली शिल्लक त्यांनीं आश्रमास दिली, विम्याची रक्कमही त्याच्याच नांवें करून टाकली. या त्यागाचा भार पत्नीस व मुलांस सोसावा लागला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

शिकण्यास वय आड येत नाहीं याचा दाखला त्यांच्या घरांतच होता. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षीं विधवा झाल्या आणि सव्विसाव्या वर्षीं त्यांनीं शिक्षणास प्रारंभ केला. पुढें आश्रमासाठीं त्या गांवोगांव वर्गणी गोळा करीत हिंडल्या, आणि पन्नाशी जवळ आली असतां, १९१८ सालीं, इंग्रजी शिकण्यासाठीं एकट्या अमेरिकेस गेल्या.

१९१४ सालीं कर्वे कॉलेजांतून निवृत्त झाले. वय ५६. पुढच्याच वर्षीं जपानांतील महिला विद्यापीठाची हकीकत त्यांच्या मनांत घर करून बसली, आणि १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ काढलें. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा ठेविलें. आरंभीं विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊं केली, तेव्हां विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव मिळालें. एकाहत्तरी आली त्या साली, १९२९ मध्यें, कर्वे युरोप, अमेरिका व जपान यांच्या प्रवासास निघाले. मागोमाग आफ्रिकेंतही हिंडून आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, १९३६ सालीं, त्यांनीं शाळा नसलेल्या खेड्यांसाठीं ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलें. पंचाऐशी ओलांडल्यावर, १९४४ सालीं, जातिभेद व उच्चनीचभाव नष्ट व्हावा म्हणून समता संघ स्थापिला. १९५८ सालीं वयाच्या शंभराव्या वर्षीं त्यांस भारतरत्न मिळालें व ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

हें सर्व त्यांस कसें साधलें? दीर्घायुष्य लाभलें म्हणून, असें उत्तर देणें सोपें आहे. पण दीर्घायुषी माणसें पुष्कळ असतात. आमच्या मतें खरें कारण निराळें आहे. एक काम उभें राहिलें कीं, तें सहकाऱ्यांच्या हातीं सोंपवून ते पुढील कामाकडे वळत. आपण उभारलेल्या संस्थेची खुर्ची हेंच त्यांनीं आयुष्याचें शेवटचें ठिकाण मानलें नाहीं. म्हणूनच प्रत्येक वेळीं ते रिकाम्या हातांनीं, म्हणजे मोकळ्या हातांनीं, नव्या कामापुढें उभे राहूं शकले.

आमच्या आड वय येत नाहीं. वयाबरोबर जमविलेला अधिकार, मान व सवय आड येते. वीस वर्षें धरून ठेवलेलें अध्यक्षपद सोडवत नाहीं, आणि सुनेपुढें पाटी घेऊन बसण्याची लाज वाटते. आज आयुर्मान वाढलें आहे. निवृत्तीनंतर पुष्कळांस वीस वर्षें सहज लाभतात. सर्वांनींच विद्यापीठें काढावीं असें आमचें म्हणणें नाहीं. एखाद्या आजीनें अक्षरें गिरवावीं, एखाद्या पेन्शनरानें शेजारच्या वस्तींतील चार मुलें शिकवावीं, एखाद्या बापानें मुलीच्या लग्नांत जात पाहण्याची रीत सोडावी, एवढेंही पुरेसें आहे. मात्र त्यासाठीं कांहींतरी हातांतून सोडावें लागेल. तें सोडण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें सबब सांगावी. पण वयास दोष देऊं नये.