डाल्टन यांचे डोळे

विज्ञानाच्या तासाला अणूचा पाठ शिकताना तुम्ही जॉन डाल्टन हे नाव ऐकले असेल. त्यांच्या डोळ्यांची हकिकत मात्र त्या पाठात नसते.

डाल्टन यांचा जन्म १७६६ साली इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात झाला. वडील विणकर होते. घरची परिस्थिती गरिबीची होती. वयाच्या बाराव्या वर्षीच जॉन गावच्या शाळेत मुलांना शिकवू लागला.

१७९२ साली ते केंडल या गावी शिक्षक होते. एकदा त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात जिरेनियमचे फूल पाहिले आणि ते चकित झाले. दिवसा त्यांना आकाशासारखे निळे दिसणारे फूल आता लाल दिसत होते! त्यांनी मित्रांना विचारले. मित्रांना ते फूल दिवसा गुलाबी दिसे आणि रात्रीही त्यात फारसा फरक वाटत नसे. डाल्टन यांच्या भावाला मात्र त्यांच्यासारखेच दिसत होते.

आता खरे कोणाचे? फूल तर एकच होते. फुलावरून येणारा प्रकाश, कोणी पाहो वा न पाहो, जसा असतो तसाच असतो. त्याच्या लहरींची लांबी यंत्राने मोजता येते. पण लाल किंवा निळा रंग दिसणे हे डोळा आणि मेंदू यांचे काम आहे. मेणबत्तीच्या प्रकाशात निळा भाग फार कमी असतो. म्हणून डाल्टन यांना रात्री ते फूल निळे दिसेना.

पुढे ते मँचेस्टर शहरात राहायला गेले. तेथील विद्वानांच्या सभेत १७९४ साली त्यांनी यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा व तो लाल प्रकाश शोषून घेत असावा, असा त्यांचा तर्क होता.

पुढे त्यांनी अणूंचा अभ्यास केला. अणू तर कोणालाच दिसत नव्हते! तरीही पदार्थ कोणत्या प्रमाणात एकत्र येतात, हे पाहून त्यांनी अणूंचे भार ठरवले. १८०८ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात ऑक्सिजनचा भार हायड्रोजनच्या ७ पट दिला आहे. खरा तो सुमारे १६ पट आहे. आकडा चुकला, पण वाट बरोबर होती. रंग ओळखताना फसणाऱ्या या माणसाने, कोणाच्याही डोळ्यांवर अवलंबून नसलेली गोष्ट मोजायला घेतली, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासावेत, अशी त्यांची इच्छा होती. १८४४ साली ते वारले. डॉक्टर जोसेफ रॅन्सम यांनी त्यांचे डोळे तपासले. आतला द्रव स्वच्छ होता, कोणाच्याही डोळ्यात असतो तसाच. डाल्टन यांचा तर्क चुकीचा ठरला. मग खरे कारण काय? ते कळायला दीडशे वर्षे लागली. त्यांच्या डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरमध्ये जपून ठेवले होते. १९९५ साली शास्त्रज्ञांनी त्यातील डीएनए तपासला. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हिरव्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देणारा प्रकार डाल्टन यांच्या डोळ्यांत जन्मापासूनच नव्हता.