चुलींचे इस्पितळ

घरातले कोणी आजारी पडून दाखल झाले की सारे घरच दवाखान्यात जाते. कोणी डबा आणतो, कोणी रात्री बाकावर अंग टाकतो. आणि भेटीची वेळ संपली की सगळ्यांना बाहेर काढले जाते. रोग्यामागून येणाऱ्या या माणसांचीही इस्पितळात जागा आहे, हे ओळखणारा एक डॉक्टर आफ्रिकेच्या जंगलात होऊन गेला. त्यांचे नाव अल्बर्ट श्वाइट्झर.

१४ जानेवारी १८७५ रोजी अल्सेस प्रांतात एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिशीपर्यंत ते धर्मशास्त्राचे अध्यापक आणि नावाजलेले ऑर्गनवादक झाले होते. त्याच वयात ते पुन्हा विद्यार्थी झाले, वैद्यक शिकले आणि १९१३ मध्ये पत्नी हेलेनसह आजच्या गॅबनमधील लांबारेने येथे ओगोवे नदीकाठी पोहोचले. त्यांचा पहिला दवाखाना म्हणजे चुना फासलेले कोंबड्यांचे खुराडे!

महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. १९२४ मध्ये ते परतले आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ व आमांशाची साथ बरोबरच आली. साथीचे रोगी वेगळे ठेवायला जागाच नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरवर त्यांनी नवी जागा निवडली आणि डॉक्टर स्वतःच मुकादम झाले. रोग्यांच्या नातलगांनीही जंगल तोडायला हात लावला. १९२७ मध्ये रोगी तिथे हलले.

या इमारती लांबट, अरुंद आणि खांबांवर उचललेल्या होत्या. पुराचे पाणी खालून जावे, हा हेतू. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो, म्हणून इमारतींची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. ऊन पडे ते फक्त अरुंद टोकांवर, लांब भिंती सावलीत राहत. पण खरी युक्ती बाहेर, अंगणात होती. दूरदूरहून होडीने आलेल्या रोग्यांना परक्याच्या हातचे अन्न नको असे, त्यात विषाची भीतीही असे. म्हणून इस्पितळ शिधा देई आणि नातेवाईक वॉर्डासमोर चूल मांडून रांधत. आपल्या माणसाच्या हातचा घास खाऊन, आपली भाषा ऐकत रोगी पडून राही.

टीकाही झाली. शेळ्या-कोंबड्या मोकळ्या फिरतात, वॉर्डात वीज नाही, स्वच्छता अपुरी, असे पाहुणे म्हणत. आफ्रिकी माणसाला श्वाइट्झर बरोबरीचा न मानता धाकट्या भावासारखे वागवतात, हा आक्षेप तर अधिक गंभीर होता, आणि तो खोटा नव्हता. मात्र त्यांच्या इस्पितळात यायला माणसे घाबरत नव्हती, हेही तितकेच खरे. १९५२ च्या शांतता नोबेलचे पैसे त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावले.

४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, लांबारेनेतच त्यांनी देह ठेवला. १९८१ मध्ये तिथे नवे, आधुनिक रुग्णालय उभे राहिले. आधुनिक व्हायलाच हवे होते. पण यंत्रे कितीही आली, तरी उशाशी बसलेल्या माणसाचे काम त्यांना जमत नाही. त्याच्यासाठी एक खुर्ची, एक चूल आणि थोडी सावली नकाशातच आखलेली असावी, एवढे तरी त्या जुन्या इस्पितळाकडून घेण्यासारखे आहे.