थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे



फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते. घरी गरिबी, म्हणून शाळा लवकर सुटली. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधायच्या दुकानात कामाला लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचून काढत. १८१२ साली त्यांनी सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, नीट लिहून काढली अन् स्वतः बांधून त्यांनाच पाठवली. १८१३ साली डेव्हींनी त्यांना प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले.

विजेवरचे त्यांचे शोध पुष्कळांना माहीत आहेत. मला मात्र त्यांचे दुसरे दोन प्रयोग आवडले.

आजीच्या चांदीच्या तोरड्या काळ्या पडतात ना? तो काळा थर म्हणजे चांदी अन् गंधक मिळून झालेला पदार्थ. १८३३ साली फॅरेडेंनी हाच पदार्थ तापवून पाहिला. धातूची तार तापली की तिच्यातून वीज कमी जाते. इथे उलटेच झाले, वीज जास्त वाहू लागली! म्हणजे विजेवरून उष्णता ओळखता येते.

१८५७ साली त्यांनी सोन्याचे फार बारीक कण पाण्यात तयार केले. कण दिसेनात, पण पाणी माणकासारखे लाल झाले. अशा कणांना आता नॅनो कण म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

आज शास्त्रज्ञ चांदीचे किंवा कार्बनचे नॅनो कण लवचीक पट्टीवर, कापडावर बसवतात. अंग तापले की पट्टीतली वीज बदलते. पट्टी ताणली की कण एकमेकांपासून दूर जातात अन् वीज कमी वाहते. त्यावरून ताप कळतो, श्वासही मोजता येतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या आईला वावरात ऊन लागले. अंग किती तापले हे घरी येईपर्यंत कोणालाच कळले नाही. आपल्या यवतमाळात उन्हात राबणाऱ्यांच्या दंडावर अशी पट्टी असली, तर वेळेवर सावलीत बसता येईल. कापूस तर आपल्याकडेच पिकतो!

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरेडे वारले. हातातले काम करता करता ते शिकले. आपणही तसेच शिकूया.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी